टॉवेलाचं जीएसएम आणि लॅपटॉपचे वॉट: एका खरेदीचं प्रकरण

ऑगस्ट २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात ताईचा फोन आला. "तुझ्या भाच्याला लॅपटॉप पाहिजे म्हणतोय. गेमिंगचा. सत्तर हजार म्हणतोय. तू जरा समजावून सांग त्याला, नाहीतर तूच बघून दे काहीतरी." समजावणं माझ्याच्यानं होणार नव्हतं, म्हणून दुसरं काम पत्करलं.

सोलापुरात विजापूर रोडला माझं छोटं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, प्रिंटरची आणि जुन्या कॉम्प्युटरची किरकोळ दुरुस्ती. त्यामुळे नात्यागोत्यात मी 'कॉम्प्युटरवाला'. पण गेमिंग लॅपटॉप मी त्याआधी कधी विकतही घेतला नव्हता आणि कुणाला घेऊनही दिला नव्हता. जे मला पहिल्या दिवशी ठाऊक असायला हवं होतं ते सहाव्या आठवड्यात कळलं, तेही टॉवेलाच्या कारखान्यात बसून. म्हणून हे लिहून ठेवतोय.

भाचा पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीला लागलेला, शाखा संगणक. कॉलेजसाठी कोडिंग आणि थोडं ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर), बाकी वेळ व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह हे गेम. व्हॅलोरंट साध्या मशिनवरही चालतो की, असं मी म्हणालो. "मामा, चालणं वेगळं आणि खेळणं वेगळं," हे उत्तर आलं. दाजींचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग आहेत, टॉवेल काढतात. त्यांनी सत्तर मंजूर केले, फार ताणलं तर पंच्याहत्तर. वर एक पैसा नाही.

वही

एक गोष्ट आम्ही सुरुवातीपासून बरी केली. दाजींच्या कारखान्यातली ऑर्डरची एक कोरी वही घेतली आणि भाच्याला सांगितलं, रोज संध्याकाळी पाच मॉडेलचे भाव लिही. कापलेला भाव लिहायचा नाही, तो शोभेचा असतो. खाली द्यायचा जो आकडा दिसतो तोच लिहायचा.

लेनोव्होचा एलओक्यू, एचपीचा व्हिक्टस, एसुसचा टफ, एसरचा नायट्रो, अशी नावं त्या पाचांत आलटून पालटून होती. शेवटी ज्या मॉडेलवर गाडी थांबली त्याला इथे 'ब' म्हणतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याच कंपनीच्या त्याच मालिकेत आम्हाला नको असलेलं मॉडेलही होतं, आणि नाव वाचून कुणी नेमकं तेच उचलायचा.

'ब'चा भाव २० ऑगस्टला ७५,९९० होता. १२ सप्टेंबरला ७९,९९० झाला. २७ सप्टेंबरला सेल लागला आणि भाव ७२,९९० वर आला, शेजारी ठळक अक्षरांत '७,००० ची बचत'. वही नसती तर आम्ही सात हजारांवर खूश झालो असतो. वही असल्यामुळे खरी सूट तीन हजारांची आहे हे दिसत होतं. तीन हजार काही वाईट नाहीत, पण त्यासाठी रात्री बाराला उठून बसायची गरज नव्हती.

पुण्याचा मुलगा

मध्येच सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक जुना लॅपटॉप समोर आला. भाच्याच्या मित्राचा मित्र, पुण्यात हॉस्टेलला. आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं पडद्यावर काढणारी चिप) असलेलं मशिन, ४८,००० रुपये. भाचा हवेत. पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन रात्री परत, असा बेत ठरत होता. कागदावर सौदा खरंच चांगला होता. ३०६० मागच्या पिढीचं असलं तरी कच्चं कार्ड नव्हे.

मी त्या मुलाकडून तीन गोष्टी मागवल्या: मूळ बिलाचा फोटो, खालच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर आणि बॅटरीचा अहवाल. हा अहवाल कुणालाही काढता येतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', जागा, तिरकी रेघ, 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप केलं की एक फाइल तयार होते. त्यात दोन आकडे शोधायचे, बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर उरलेली क्षमता. त्याच्या अहवालात पहिला आकडा ६०,००० होता, दुसरा ३४,१००. म्हणजे सत्तावन्न टक्के. सीरियल नंबर टाकून पाहिलं तर वॉरंटीही संपलेली. बिल 'गावाकडं राहिलंय'.

मुलगा लबाड होता असं मला वाटत नाही. खेळून खेळून मशिन दमलं होतं, एवढंच. तरी बिल नाही म्हटल्यावर मी नाही म्हणालो. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पितृपंधरवडा

२७ सप्टेंबरच्या सेलमध्ये भाच्याचा जीव अडकला होता तो 'ब'वर नव्हे, 'अ'वर. 'अ' म्हणजे दुसऱ्या एका कंपनीचं सडपातळ, सुबक मशिन. त्यातही आरटीएक्स ४०५०, आणि भाव ६२,९९०. 'ब'पेक्षा दहा हजारांनी स्वस्त, कार्ड तेच, वजनाला हलकं. वर बँकेच्या क्रेडिट कार्डावर दहा टक्के सूट. (दहा टक्के म्हणजे सहा हजार, असं समजून ताई शेजाऱ्यांचं कार्ड मागायला निघाली होती. बारीक अक्षरांत 'कमाल १,५०० रुपये' लिहिलेलं होतं. शिवाय वस्तू परत करायची वेळ आली तर पैसे शेजाऱ्यांच्या कार्डावर जाणार. मी नको म्हणालो.)

पण त्या वर्षी सेल लागला तो नेमका पितरांत. सर्वपित्री अमावास्या २ ऑक्टोबरला होती. भाच्याच्या आजीनं एका वाक्यात विषय संपवला: "पितरांत नवी वस्तू दारात यायची नाही." भाच्यानं तिला सांगून पाहिलं की ऑर्डर आज करायची, डिलिव्हरी घटाला येईल. "पैसे आज जाणार ना?" आजी म्हणाली. याला उत्तर नव्हतं.

मला स्वतःला मुहूर्ताचं फारसं काही वाटत नाही. पण खरेदीत पाच-सहा दिवस सक्तीनं थांबावं लागणं ही फार मोलाची गोष्ट असते, मग ती कुठल्याही कारणानं मिळो. त्या दिवसांत भाच्याला दुसरं काहीच करता येत नव्हतं म्हणून तो 'अ'चं तांत्रिक पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचत बसला.

तीस बाय साठ

रविवारी, २९ तारखेला, आम्ही दाजींच्या कारखान्यात बसलो होतो. भाचा मोबाइल पुढं करून म्हणाला, "मामा, हे बघ. 'अ'मध्ये ४०५० पुढं पंचेचाळीस वॉट लिहिलंय. 'ब'मध्ये एकशे पाच. हे काय असतंय?"

मलाही नीट माहीत नव्हतं. दोघांनी तिथंच बसून शोधलं. निघालं ते असं. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० हे कार्ड एनव्हिडिया बनवते. त्यात २,५६० कोअर, सहा जीबी मेमरी, हे सगळीकडे तेच. पण त्याला वीज किती पाजायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत. बॉडी बारीक असेल तर उष्णता बाहेर फेकायला जागा नसते, म्हणून वीज कमी देतात. वीज कमी म्हणजे चिपचा वेग कमी. बाहेरच्या स्टिकरवर मात्र दोन्हीकडे एकच नाव. नव्वद-शंभर वॉटच्या पुढे फायदा घटत जातो, पण पंचेचाळीस आणि शंभर यांत खेळताना चांगलाच फरक पडतो.

दाजी लांबून ऐकत होते. त्यांना आरटीएक्समधलं ओ की ठो कळत नाही. ते उठले, कपाटातून दोन टॉवेल आणले आणि माझ्या मांडीवर टाकले. दोन्ही तीस बाय साठ इंची, दोन्ही पांढरे, दोन्हींना तीच निळी किनार. "कुठला चांगला?" मी हात फिरवून सांगितलं, हा जरा जाड वाटतोय. दाजींनी ते काट्यावर टाकले. एक भरला ३४० ग्रॅम, दुसरा ५०५.

"हा तीनशे जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम, हा साडेचारशे. मापात तेच, रंगात तेच, दोन्ही टॉवेलच. गिऱ्हाईक फोटो बघून म्हणतंय, त्याच्याकडं स्वस्त आहे, तुमच्याकडं महाग का? अरे, सूतच कमी घातलंय त्यानं, महाग कसा असेल?" मग भाच्याकडं वळून, "तुझ्या त्या वॉटचं पण असंच हाय काय बे?"

हो, असंच होतं. परगावी 'सोलापुरी चादर' म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर सोलापूरची नसते, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. नाव एक आणि माल दुसरा, हे ओळखण्यात या गावाची हयात गेली, आणि लॅपटॉप म्हटल्यावर आम्ही नुसतं नाव वाचून ६२,९९० ला भुललो होतो.

त्या दिवसापासून वहीत दोन रकाने वाढले: कार्डाचे वॉट आणि मॉडेलचा पूर्ण कोड. मालिकेच्या नावाला काही अर्थ नसतो. एका नावाखाली डझनभर मशिनं असतात. कुणात ३०५०, कुणात ४०५०. कुणाचा पडदा शंभर टक्के एसआरजीबी, कुणाचा ४५ टक्के एनटीएससी (पडदा किती रंग दाखवतो त्याची ही मापं), दुसरा म्हणजे धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यासारखे रंग. हे सगळं त्या कोडातल्या शेवटच्या चार-पाच अक्षरांवर ठरतं. प्रोसेसरच्या आकड्यातही अशीच गंमत आहे. रायझन ५ ७५३५एचएस हे नाव २०२३ चं, पण तिसऱ्या जागेवरचा ३ सांगतो की आतली रचना आधीच्या पिढीची, झेन ३ प्लस आहे. वाईट नाही, फक्त तिला नव्याचा भाव द्यायचा नाही.

दुकानं

घट बसल्यावर भाव पाहिला तर 'ब' ऑनलाइन ७६,९९० झालेला. मग गावात फिरायचं ठरवलं. माझं मत आधीपासून असं की गेमिंग मशिन शक्यतो हात लावून घ्यावं. पण ते आधी बोललो असतो तर 'मामा जुन्या काळातला' झाला असता.

पहिल्या दुकानात, सात रस्त्याकडं, 'ब' नेमक्या त्याच कोडाचा होता. भाव ८१,०००. दुकानदार सरळ माणूस. "ऑनलाइनचा भाव मला परवडत नाही, पण दसऱ्याला बसून बोलू," म्हणाला.

दुसऱ्या दुकानात तेच मॉडेल ७१,५०० ला. डिस्प्लेवर 'ब'च होता, स्टिकर आरटीएक्स ४०५० चा. भाच्याचे डोळे लकाकले. मी दुकानातल्या पोराला म्हटलं, ॲडॉप्टर दाखवा.

ही युक्ती मला शोधता शोधता सापडली आणि माझ्या लेखी सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. लॅपटॉपच्या चार्जरची जी वीट असते तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'आउटपुट' लिहिलेलं असतं. तिथले व्होल्ट आणि ॲम्पिअर गुणले की वॉट निघतात. पहिल्या दुकानातल्या विटेवर २० व्होल्ट, ८.५ ॲम्पिअर, म्हणजे १७० वॉट. इथे २० व्होल्ट, ६.७५ ॲम्पिअर, म्हणजे १३५. आता प्रोसेसर, पडदा, पंखे सगळे याच विटेवर जगणार. त्यात कार्डाला सलग १०५ वॉट कुठून मिळणार? पेटीवरचा कोड पाहिला, शेवटची अक्षरं वेगळी.

"ओ मालक, सेम टू सेम हाय की. उगं काय डोकं लावलालाव?" पोरगा म्हणाला. तो खोटं बोलत होता असंही नाही. त्याच्या दृष्टीनं ते खरोखर सेमच होतं. आम्ही चहा पिऊन निघालो.

ज्यांना मशिन सुरू करून पाहता येतं त्यांनी आणखी दोन ठिकाणी बघावं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडलं की 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' असा आकडा दिसतो. आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' पाहायचं. तिथं 'दोनपैकी एक' आलं तर रॅमची एकच पट्टी आहे, आणि एका पट्टीवर गेमचा वेग मार खातो. 'ब'मध्ये आठ जीबीची एकच पट्टी होती. ही उणीव आम्ही भाव करायला वापरली.

पैशांचा घोळ

दाजींचा पहिला विचार होता, बिल फर्मच्या नावानं करू. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के, पंच्याहत्तर हजारांच्या बिलात करच साधारण ११,४४० रुपये, तेवढं क्रेडिट मिळेल, म्हणजे फर्मच्या करातून वळतं होईल. मोह मोठा होता. पण मुलाच्या गेमिंगचं मशिन म्हणजे वैयक्तिक वापर, आणि त्यावरचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नं घेता येत नाही. दाजींच्या सीएनेही तेच सांगितलं, जरा जास्त मोठ्या आवाजात. बिल भाच्याच्या नावानं झालं.

दुसरा विचार 'नो कॉस्ट ईएमआय'चा. याचा फटका मी स्वतः एकदा खाल्ला आहे, मोबाइल घेताना. हप्ता 'बिनव्याजी' होता आणि स्टेटमेंटवर दर महिन्याला थोडा थोडा जीएसटी लागत होता. प्रकार असा: बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम विक्रेता किमतीत आधी वजा करतो, म्हणून बेरीज जुळते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपणच भरायचा, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. ७४,९९० रुपये, सहा हप्ते, बँकेचा दर १६ टक्के धरला तर व्याज सुमारे ३,३८० निघतं. त्यावरचा कर ६०८. फी १९९ असेल तर करासह २३५. म्हणजे नो कॉस्टची कॉस्ट ८४० च्या पुढे. रक्कम मोठी नाही. पण पैसे हाताशी असताना का द्यायची? शिवाय दुकानात रोखीचा भाव वेगळा असतो, कार्ड काढलं की दोन टक्के वाढतात.

दसरा

१२ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी रूपाभवानीचं दर्शन घेऊन ताई, दाजी, भाचा आणि मी पहिल्या दुकानात गेलो. वही सोबत. दाजींनी भाव केला, आणि ते बघण्यासारखं होतं. ऑनलाइनचा भाव त्यांनी तोंडातून काढलाच नाही. आपण खरंच काय म्हणून घेतोय तेवढंच विचारत राहिले: पट्टी एकच आहे, दुसरी टाकून देणार का? स्टॉक कधीचा आहे? पेटी आमच्यासमोर फोडणार का? माल पडून आहे हे दुकानदारानंच कबूल केलं, नव्या वर्षात नवी कार्डं येणार अशी कुजबुज तेव्हा बाजारात होतीच. (आली खरी. एनव्हिडियानं ५० ची मालिका जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केली.)

सौदा ७५,००० ला ठरला. त्यात आठ जीबीची दुसरी पट्टी समोर बसवून. ती पट्टी सुट्टी घेतली असती तर दोन-सव्वादोन हजार. म्हणजे मशिन आम्हाला ७२,९०० च्या आसपास पडलं. सेलमधला भाव ७२,९९० होता. पितरांमुळे काही गेलं नाही आणि काही मिळालंही नाही, हिशेब बरोबरीत सुटला. 'अ' मात्र टळला, तो आजीच्या खात्यावर.

पैसे यूपीआयनं. पेटी फोडतानाचा व्हिडिओ भाच्यानं काढला. पडदा काळा, पांढरा, लाल करून मेलेला ठिपका आहे का पाहिलं. कंट्रोल पॅनेलमध्ये १०५ आलं, तेव्हा दाजींनी मान हलवली, जणू त्यांच्याच टॉवेलाचं वजन बरोबर भरलं होतं. घरी आल्यावर आजीनं आपट्याचं पान ठेवून झाकणावर कुंकू लावलं. थोडं कुंकू मागच्या जाळीत गेलं. भाचा काही बोलला नाही, त्याबद्दल मला त्याचं कौतुक वाटलं.

नंतर

मशिन चांगलं चाललंय. पुढच्या मे महिन्यात, पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला असताना, वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत ते तापून हळू व्हायला लागलं. भाचा मला बोलावून घेऊन गेला. पाहतो तर मशिन पलंगावर, खाली जाडजूड सोलापुरी चादर चौपदरी घडी करून. गार हवा ओढायच्या जाळ्या मशिनच्या पोटाला असतात, त्या चादरीनं गच्च बुजलेल्या. टेबलावर ठेवून मागची बाजू दोन बोटं उचलली, बरंच निभावलं. लाइट गेल्यावर बॅटरीवर गेम तासभरही धड चालत नाही, वेगही उतरतो. हे कुठल्याही गेमिंग लॅपटॉपचं असंच असतं, आधी सांगितलं नाही म्हणून शिव्या मला बसल्या.

एक गोष्ट मात्र खरीच चुकली. कंपनीची योजना होती, बिलापासून तीस दिवसांत सीरियल नंबर आणि बिल नोंदवलं तर थोडक्या पैशांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची वॉरंटी. दुकानदारानं सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, भाच्यानंही ऐकलं होतं. मुदत ११ नोव्हेंबरला संपली. मध्ये दिवाळी झाली, भाच्याच्या परीक्षा झाल्या. मला आठवण झाली २ डिसेंबरला, दुकानात कुणाच्या तरी बिलाची झेरॉक्स काढताना. वहीच्या शेवटच्या पानावर, ७५,००० च्या खाली, ताईच्या अक्षरात तेवढं एक लिहिलेलं आहे: 'वॉरंटी राहिली. मामा.'